जीपचं गणित: इंजिन, गिअर आणि क्राऊन-पिनियन

बुऱ्हाणपूरला आमच्या घरी आजोबांच्या वेळची पेट्रोल जीप आहे. केळीच्या शेतावर जायला तीच, बाजाराला तीच. पेट्रोल परवडेना म्हणून पप्पांनी तिच्यात ट्रॅक्टरच्या जातीचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. खर्च कमी झाला, ओढही वाढली. पण इच्छापूरच्या रस्त्याला लागलं की सत्तरच्या पुढे इंजिन नुसतं ओरडतं, गाडी काही पळत नाही. सगळे म्हणाले, इंजिनातच दम नाही. मी साहित्याचा विद्यार्थी, तरी वही घेऊन बसलो. दम भरपूर होता, जोडी जुळत नव्हती.

आमच्या गावात पॉवरलूम घरोघरी. लूमची मोटर मिनिटाला साधारण 1440 फेरे मारते. लूमला त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढेच पुरतात. म्हणून मोटरला लहान पुली आणि लूमला मोठी पुली लावतात. फेरे कमी होतात, जोर वाढतो. गाडीतही हेच घडतं, फक्त दोन ठिकाणी. आधी गिअरबॉक्समध्ये, मग ॲक्सलमधल्या क्राऊन-पिनियनमध्ये.

जुन्या विलीज सीजे-3बी जीपचा गिअरबॉक्स तीन गिअरचा. पहिल्या गिअरमध्ये इंजिनचे 2.8 फेरे झाले की पुढच्या शाफ्टचा एक फेरा होतो. दुसऱ्यात 1.55, तिसऱ्यात बरोबर एकास एक. क्राऊनला 43 दाते, पिनियनला 8. भागाकार केला की 5.38. आपल्या गाडीत किती आहे हे उघडून न बघताही कळतं: मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलायची, दोन्ही मिळून एक पूर्ण फेरा फिरवायची आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजायचे. आमच्याकडे पाच फेरे आणि वर थोडा आला, म्हणजे 5.38 च.

आता वेग काढू. टायर एका फेऱ्यात साधारण 2.2 मीटर जातो. जुनं पेट्रोल इंजिन 4000 फेऱ्यांपर्यंत जायचं. 4000 भागिले 5.38, गुणिले 2.2, म्हणजे ताशी 98 किलोमीटर. डिझेल इंजिन मात्र 3000 च्या आसपास थांबतं. तेच गणित मांडलं की ताशी 74 येतात. म्हणजे इंजिन बदललं, पण मागचं गणित पेट्रोलचंच राहिलं. डिझेलला कमी फेऱ्यांत जास्त जोर असतो, त्याला इतक्या छोट्या गिअरची गरजच नाही.

उपाय सोपा दिसतो. 39 आणि 8 दात्यांची जोडी बसवायची, म्हणजे 4.88. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला हीच होती. मग 3000 फेऱ्यांना ताशी 81 मिळतात. बदल्यात चाकावरची ओढ नऊ टक्क्यांनी घटते. असीरगडच्या चढावर भरलेली गाडी नेताना ते जाणवेल, पण डिझेलच्या जोरात भरून निघेल.

मिस्त्री म्हणाले, "पुढचं राहू द्या, फक्त मागचं बदला. निम्म्या पैशात काम." पप्पा तयारही झाले होते. इथे मी अडलो. आमची जीप फोर-व्हील आहे. रस्त्यावर फक्त मागची चाकं ओढतात तोवर काही बिघडणार नाही. पण पावसात शेताच्या चिखलात लीव्हर टाकला की पुढची-मागची चाकं एकमेकांना जोडली जातात. पुढे 5.38, मागे 4.88, म्हणजे दोघं वेगळ्या वेगाने फिरू बघणार. चिखलात टायर घसरून निभावेल, पण कडक जमिनीवर सगळा ताण ट्रान्सफर केसवर येईल आणि काहीतरी तुटेल. बदलायचं तर दोन्ही ॲक्सल एकदमच.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर वाटली. जीपचा स्पीडोमीटर ट्रान्सफर केसमधून चालतो, चाकावरून नाही. क्राऊन-पिनियन बदललं की काटा खोटं सांगू लागतो. गाडी 81 वर असताना तो 74 दाखवेल. ब्रेक मात्र जुनेच. मोठे टायर लावले तरी हाच घोळ. म्हणून स्पीडोमीटरचा छोटा गिअरही बदलावा लागतो, आणि तो कोणी बदलत नाही.

अमेरिकेतल्या मसल कारवाल्यांनाही हे कोडं सुटत नव्हतं. 1964 च्या पॉन्टियाक जीटीओमध्ये मध्यम आकाराच्या गाडीत 6.4 लिटरचं इंजिन होतं. शर्यतीसाठी पोरं मोठ्या आकड्याचा ॲक्सल लावायची, सिग्नलवरून गाडी बाणासारखी सुटायची. मग त्याच गाडीने हायवेवर शंभर मैल जायचं म्हटलं की कान बधिर आणि टाकी रिकामी. रोज वापरायच्या गाडीला सगळं थोडं थोडं लागतं.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी गाडी कुठे आणि किती वजन घेऊन चालणार ते ठरवा. मग टायर. मग इंजिन कोणत्या फेऱ्यांवर आरामात चालतं ते बघा. क्राऊन-पिनियनचा आकडा शेवटी आपोआप निघतो. आम्ही उलटं केलं. आधी इंजिन आणलं, मग विचार केला. अजून एक: मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 प्रमाणे असा बदल आरसीवर नोंदलेला हवा, नाहीतर अपघात झाल्यावर विमा कंपनीसमोर हात जोडावे लागतील.

पप्पांनी वही नीट वाचली, बेरजा पुन्हा करून बघितल्या. मिस्त्रींना म्हणाले, "दोन्ही ॲक्सल करू, पण केळीचा माल गेल्यावर." तोवर आम्ही साठच्या वर जात नाही. आजोबाही तेवढ्यानेच चालवायचे, आणि पोहोचायचे.