बोईसरला ओळखीचे, फिनिशमध्ये नवे

फिनिश युराली कुळातली, मराठीशी नातं नाही. पण प्रत्ययांची पद्धत लगेच ओळखू येते. 'वेसी' म्हणजे पाणी, 'वेदेस्सॅ' पाण्यात, 'वेदेस्तॅ' पाण्यातून. आपल्याकडे 'पाणी'चं 'पाण्या' होऊन प्रत्यय लागतो. तिथे 'वेसी'चं 'वेदे' होतं. शिकणाऱ्याने आधी हेच पकडावं. 'ॅ'चा उच्चार 'बॅट'मधला. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर. आता बोईसर-तारापूर परिसरात ओळखीच्या गोष्टींचे काही फिनिश शब्द:

• यॅतेवेसी: सांडपाणी. यॅते म्हणजे टाकाऊ. तारापूर औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांचं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात जातं.

• सास्ते: प्रदूषक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण, देशात सर्वाधिक. इथे जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण.

• यूदिनवोइमा: अणुऊर्जा. 'यूदिन' गाभा, 'वोइमा' शक्ती. तारापूर अणुवीज केंद्र १९६९ पासून. फिनलंडचं पहिलं अणुवीज केंद्र लोविसाला, १९७७.

• केस्तॅवॅ केहित्युस: शाश्वत विकास. 'केस्तॅवॅ' म्हणजे टिकणारा. 'केस्तॅॅ' हे मूळ क्रियापद: टिकणं, सोसणं.

• किएर्रॅत्युस: पुनर्वापरासाठी प्रक्रिया. मुळात 'फिरवणं'.