नोकरी सांभाळून व्यवस्थापनाची प्रवेशपरीक्षा

नोकरीधंदा करीत असताना शिकणे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. १८५५ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी रात्रीची शाळा काढली, ती दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला. त्या संस्थेच्या शाळांतून आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत पहिले पदवीधर निपजले. आज त्याच वाटेवर एक निराळा वाटसरू दिसतो. त्याच्या हाती पदवी आहे. नागापूरच्या किंवा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत, साखर कारखान्याच्या हिशेबखात्यात, एखाद्या बँकेत वा पतसंस्थेत त्याला नोकरी आहे. घरी त्या पगाराची वाट पाहणारी माणसे आहेत. आणि मनात मात्र असे आहे की, व्यवस्थापनाचे रीतसर शिक्षण घ्यावे. त्या शिक्षणाच्या दारात एक परीक्षा उभी आहे. दिवसाचे आठ-नऊ तास दुसऱ्याच्या कामाला विकलेल्या माणसाने तिची तयारी कशी करावी, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम परीक्षा कोणत्या, ते पाहू. आपल्याकडच्या उमेदवारासमोर मुख्यतः दोन असतात. पहिली 'कॅट'. ही वर्षातून एकदा, नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यातील रविवारी होते. २०२४ साली ती २४ नोव्हेंबरला आणि २०२५ साली ३० नोव्हेंबरला झाली. अहमदाबाद व कोलकाता येथे १९६१ साली ज्यांचा आरंभ झाला त्या भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे लोक ज्यांना 'आय. आय. एम.' म्हणतात त्या, या परीक्षेवरून विद्यार्थी निवडतात. २०१५ साली निघालेली नागपूरची संस्थाही त्यांपैकीच. दुसरी परीक्षा महाराष्ट्र राज्याची 'सी. ई. टी.'. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेपासून जिल्ह्याजिल्ह्यांतील व्यवस्थापन महाविद्यालयांपर्यंत अनेकांचे प्रवेश तिच्यावर होतात. दोन्ही परीक्षा संगणकावर होतात आणि दोन्हींत इंग्रजी, अंकगणित व तर्क यांचीच पारख असते. म्हणून पुष्कळांची अशी समजूत होते की, एकीची तयारी केली की दुसरीची आपोआप होते. ही समजूत अर्धीच खरी आहे. आणि अर्धे खरे हे पुष्कळदा पुऱ्या खोट्यापेक्षा महाग पडते.

फरक कुठे आहे, तो आकड्यांतच पाहावा. २०२४ च्या कॅटमध्ये ६८ प्रश्न होते आणि वेळ १२० मिनिटांचा. तोही चाळीस-चाळीस मिनिटांच्या तीन भागांत बांधलेला. एका भागातला उरलेला वेळ दुसऱ्या भागात नेता येत नाही. बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात, पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले तर १ गुण कापला जातो, आणि ज्या प्रश्नांची उत्तरे स्वतः टंकित करावयाची असतात त्यांत चुकीबद्दल कपात नसते. उलट, राज्याच्या सी. ई. टी. चा घाट आजवर २०० प्रश्न आणि १५० मिनिटे असा राहिला आहे. प्रत्येक प्रश्नास पाच पर्याय आणि चुकीला दंड नाही.

आता हिशेब मांडू. कॅटमध्ये चार पर्यायांच्या प्रश्नावर डोळे मिटून खूण केली तर चारांत एकदा ३ गुण मिळतील आणि तीनदा एकेक गुण जाईल. म्हणजे सरासरीने हाती शून्य. एक पर्याय निश्चित चूक आहे एवढे ओळखता आले तरच पारडे आपल्या बाजूला थोडे झुकते. दोन उमेदवार घ्या. एकाने ४० प्रश्न सोडवले, ३० बरोबर आणि १० चूक. त्याचे गुण ८०. दुसऱ्याने ३४ च सोडवले, ३० बरोबर आणि ४ चूक. त्याचे गुण ८६. ज्ञान दोघांचे सारखेच. परंतु दुसऱ्याने सहा प्रश्न सोडून दिले आणि तो पुढे गेला. सी. ई. टी. मध्ये मात्र प्रत्येक प्रश्नाला ४५ सेकंद येतात, आणि दंड नसल्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवणे म्हणजे फुकटची संधी दवडणे. एका परीक्षेत सोडणे हे शहाणपण, तर दुसरीत सोडणे हा वेडेपणा. दोन्ही देणाऱ्याने हे दोन स्वभाव निरनिराळे अंगी बाणवले पाहिजेत.

निकालाचा अर्थही नीट कळावयास हवा. कॅटचा निकाल 'पर्सेंटाइल'मध्ये येतो. ही टक्केवारी नव्हे. आपल्या मागे शेकडा किती उमेदवार आहेत, त्याचा हा आकडा. २०२४ साली सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवार परीक्षेस बसले. तेव्हा ९० पर्सेंटाइल म्हणजे आपल्यापुढे सुमारे २९ हजार माणसे, आणि ९९ म्हणजे सुमारे २ हजार ९००. घरी मुलाने 'नव्वद पडले' असे सांगितले की पेढे वाटले जातात आणि मागाहून नामांकित संस्थेचे बोलावणे येत नाही म्हणून सारे घर बुचकळ्यात पडते. त्याचे कारण हे. पण याच गोष्टीची दुसरी बाजू धीर देणारी आहे. एकूण गुणांच्या निम्म्याच्या आसपास गुण मिळवणाराही या परीक्षेत अगदी वरच्या पंक्तीत बसतो. सगळे येणे येथे कोणी मागतच नाही.

यावरून आमचे म्हणणे असे की, ही परीक्षा विद्वत्तेइतकीच निवडीची आहे. समोरच्या बावीस प्रश्नांतले कोणते घ्यावे आणि कोणते न रागावता सोडावे, हे तिथे पाहिले जाते. आणि नोकरी करणाऱ्या माणसाची तयारीही नेमकी निवडीचीच असते. मोकळा विद्यार्थी दिवसाचे आठ तास अभ्यास करू शकतो. त्याला सगळे वाचणे परवडते. नोकरदाराला ते परवडत नाही. म्हणून त्याने काय वाचावे यापेक्षा काय वाचू नये, हे आधी ठरवावे.

वेळेचा जमाखर्च असा मांडता येईल. एप्रिलच्या आरंभापासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत साधारण ३४ आठवडे येतात. सहा दिवस रोज दीड तास आणि रविवारी चार तास धरले तर आठवड्याचे १३, म्हणजे एकूण सुमारे ४४० तास होतात. अडीअडचणी, लग्नकार्ये, आजारपण यांपोटी चौथा हिस्सा सोडून दिला तरी सव्वातीनशे तास उरतात. हे भांडवल थोडे नाही; फक्त ते उधळता कामा नये. एप्रिल ते जुलै हे पाया भरण्याचे दिवस. शेकडेवारी, गुणोत्तर-प्रमाण, सरासरी, काळ-काम-वेग हे शाळेत घोटलेले अंकगणित पुन्हा हाताखालून घालावे. त्यानंतर बीजगणित आणि भूमिती. ऑगस्ट-सप्टेंबरात एकेका भागाच्या चाळीस मिनिटांच्या चाचण्या द्याव्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दर रविवारी पुरी दोन तासांची सराव परीक्षा द्यावी, आणि ती देण्यास जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ ती तपासण्यास द्यावा.

तपासणीसाठी एक साधी वही पुरे. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक शेरा लिहावा: 'माहीत नव्हते', 'माहीत होते पण वेळ गेला', 'सोडावयास हवा होता'. महिनाभराने वही उघडली म्हणजे आपला रोग कोणता ते आपल्यालाच दिसते. पुष्कळ नोकरदारांच्या वहीत तिसरा शेरा सर्वांत जास्त निघतो. कार्यालयात हाती आलेले काम अर्धे टाकावयाचे नाही ही त्यांची चांगली सवय. परीक्षेच्या खोलीत तीच सवय आठ मिनिटे एका कोड्यात अडकवून ठेवते.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी उताऱ्यांची धास्ती असते. २०२४ च्या परीक्षेत इंग्रजीच्या २४ प्रश्नांपैकी १६ उताऱ्यांवरचे होते. शब्दांच्या याद्या पाठ करून हे उतारे वश होत नाहीत. रोज एका चांगल्या इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख वाचावा आणि लेखकाचे म्हणणे काय, ते मराठीतून दोन ओळींत लिहून काढावे. अर्थ आपल्या भाषेत नीट उतरला तर तो कळला असे समजावे. सहा महिन्यांत वाचनाचा वेग वाढतो आणि भीती सरते.

आता आपल्या जिल्ह्यातल्या अडचणी घेऊ. पाळीत काम करणाऱ्याची वेळ दर आठवड्याला बदलते. त्याला 'रोज पहाटे चारला उठा' हा उपदेश निरुपयोगी आहे. त्याने घड्याळाची वेळ धरू नये; 'झोपेतून उठल्यानंतरचे पहिले दोन तास' असा नेम धरावा. रात्रपाळीच्या आठवड्यात नवीन प्रकरण न घेता जुन्याची उजळणीच करावी. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस याने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखविले की, शिकलेले पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरले जाते. त्यावर उपाय म्हणजे थोड्याथोड्या अंतराने केलेली उजळणी. आणि ती मनात मुरावयास झोप लागते. झोप मोडून केलेला अभ्यास हा व्याजाने घेतलेल्या पैशासारखा असतो.

साखर कारखान्यातल्या माणसाची अडचण आणखी निराळी. १९५० च्या सुमारास प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला, तेव्हापासून या जिल्ह्याचे वर्ष गळीत हंगामावर चालते. हंगाम सुरू होतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात. कॅट नेमकी त्याच वेळी. बँका-पतसंस्थांची वर्षअखेर मार्चमध्ये, आणि सी. ई. टी. चा मोसमही त्याच्या आगेमागेच. ज्या महिन्यांत अभ्यास वाढवावयाचा, त्याच महिन्यांत काम अंगावर येते. म्हणून कारखान्यातल्या उमेदवाराने पाया जुलैऐवजी जूनमध्येच पुरा करावा, हक्काची रजा दिवाळीत न खर्चता परीक्षेपूर्वीच्या आठवड्यासाठी राखावी आणि वरिष्ठांना वेळेवर सांगून ठेवावे. परीक्षेचे शहर पसंतीक्रमाने मागता येते, पण मागितलेले पहिलेच मिळेल असे नाही. पुण्याला जावे लागले तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जावे.

तयारीसाठी नोकरी सोडावी काय? आमचे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे. परीक्षा वर्षातून एकदा. त्या दिवशी डोके दुखले तर सारे वर्ष गेले आणि पगारही गेला. घराचे हप्ते परीक्षेसाठी थांबत नाहीत. शिवाय पुष्कळ संस्था निवडीच्या वेळी कामाचा अनुभव जमेस धरतात. ऊस तोडणीचे वेळापत्रक कसे लागते, थकलेले कर्ज कसे वसूल होते, पाळी बदलताना यंत्रावर काय घोटाळे होतात, हे ज्याने हाताळले त्याला मुलाखतीत सांगण्यासारखे पुष्कळ असते. नोकरी सोडण्याची वेळ खरोखरी येते ती प्रवेश मिळाल्यावर, कारण तो अभ्यासक्रम पूर्णवेळ व बहुधा निवासी असतो. जुन्या भारतीय व्यवस्थापन संस्थांचे दोन वर्षांचे शुल्क वीस लाख रुपयांच्या पुढे आहे. तेव्हा कर्ज किती काढावे लागेल, दोन वर्षे घर कशावर चालेल, हा हिशेब अर्ज भरण्यापूर्वी घरात सर्वांसमक्ष मांडावा. हा हिशेब न जमणाऱ्यांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (१९८५) आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) ही दारे आहेत. तेथे नोकरी न सोडता शिकता येते. निवासी संस्थेतली संगत आणि तेथून मिळणाऱ्या नोकऱ्या तेथे मिळणार नाहीत, हे मात्र मनात स्वच्छ असावे.

आणखी एक गोष्ट घरच्या मंडळींना सांगावयाची आहे. मुलगा अभ्यासाला बसला की घर हलक्या पावलांनी वावरते, चहाचा कप टेबलावर जातो. सूनबाईने किंवा नोकरी करणाऱ्या मुलीने हीच परीक्षा द्यावयाचे ठरवले, तर तिचे पहाटेचे दोन तास पाणी भरण्यात आणि डब्यांत आधीच वाटले गेलेले असतात. तिच्या बुद्धीत काही उणे नसते. उणे असतात ते तास, आणि ते तिला एकटीने काढता येत नाहीत. घरातल्या दुसऱ्या कोणी तरी डबे उचलावे लागतात, पाणी भरावे लागते. ज्या घराला सुनेच्या पगाराचा अभिमान आहे, त्याने आठ महिने एवढे केले तर ते उपकार होत नाहीत.

यश पहिल्याच वर्षी येईल असे कोणीही सांगू नये. पण आले नाही तरी वही उरते, वाचनाचा वेग उरतो, आणि मुख्य म्हणजे नोकरी शाबूत असते. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा आरंभ करताना तो माणूस पहिल्या पायरीवर नसतो. दोन-तीन प्रयत्नांनंतर हा नाद सोडावा असे वाटले तर तेही हिशेब करून, शांतपणे सोडावे. कोणता प्रश्न सोडावा हे ज्याला कळले, त्याला ही गोष्टही केव्हा तरी कळते. आणि त्याबद्दल घरादाराने त्याला नापास म्हणू नये.