बांधकाम प्रकल्प व्यवस्थापकांच्या मानसिक आरोग्यावरील बाह्य प्रभाव

बांधकाम प्रकल्प व्यवस्थापकांच्या मानसिक आरोग्यावरील बाह्य प्रभाव म्हणजे त्यांच्या स्वभावाशी वा कौशल्याशी थेट संबंध नसलेले, परंतु मनःस्वास्थ्यावर परिणाम करणारे घटक होत. हवामान, शासकीय परवानग्या, साहित्याचा पुरवठा, मजुरांची उपलब्धता, रखडलेली बिले आणि कायदेशीर उत्तरदायित्व यांचा त्यांत समावेश होतो. रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धनसारख्या किनारी तालुक्यात हे घटक अनेकदा एकाच वेळी एकत्र येतात.

संकल्पना

अमेरिकी संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार, कामाची मागणी अधिक आणि त्यावरील नियंत्रण कमी असते तेथे ताण सर्वाधिक असतो. प्रकल्प व्यवस्थापक कागदोपत्री अधिकारी असल्याने त्यांच्या हाती बरेच नियंत्रण आहे असे मानले जाते. प्रत्यक्षात मुदत आणि खर्च यांची जबाबदारी त्यांच्यावर असली, तरी पाऊस, परवाना आणि देयके या तिन्ही गोष्टी इतरांच्या हाती असतात.

श्रीवर्धनमधील स्वरूप

कोकणात मोसमी पाऊस साधारणतः जूनच्या पूर्वार्धात येतो. त्यामुळे पाया, जोते आणि छपराची कामे ऑक्टोबर ते मे या काळात उरकावी लागतात. एप्रिल-मेमध्ये स्लॅब राहिला तर केवळ काही दिवस नव्हे, अनेकदा पुढचा हंगामच जातो. शिमगा व गणेशोत्सवाला स्थानिक कारागीर सुटी घेतात, तर बाहेरगावचे मजूर आपापल्या सणांना गावी परततात. श्रीवर्धनला रेल्वे नाही. माणगावहून म्हसळामार्गे घाटरस्त्याने माल आणावा लागतो. खाडीतील वाळूचा उपसा शासकीय परवानगीवर अवलंबून असतो. समुद्राच्या भरतीरेषेजवळील बांधकामांना किनारा नियमन क्षेत्राचे (सीआरझेड) निर्बंध लागू होतात. हे नियम १९९१, २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनी बदलत गेले. किनाऱ्याच्या रक्षणासाठी ते आवश्यकच आहेत. ताण निर्माण होतो तो निर्णय केव्हा होईल याच्या अनिश्चिततेमुळे.

निसर्ग चक्रीवादळ

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, दिवेआगर व मुरूड परिसरात घरांचे पत्रे आणि कौले उडाली, सुपारी व नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या, वीज व दूरध्वनी सेवा कोलमडली. टाळेबंदीमुळे मजूर आधीच गावी गेले होते आणि पावसाळा तोंडावर होता. अशा आपत्तीत बांधकाम क्षेत्रातील व्यक्तीवर दुहेरी भार पडतो: स्वतःचे छप्पर उडालेले असताना इतरांची छपरे तातडीने उभारण्याची मागणी येते. एकाच वेळी सर्वांची निकड असल्याने कोणाचे घर आधी घ्यावे हा निर्णय ओळखीच्या गावात विशेष जाचक ठरतो. नकार द्यावा लागतो तो शेजाऱ्याला किंवा नातेवाइकाला.

कायदेशीर चौकट

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ (रेरा) नुसार ताबा देण्यास विलंब झाल्यास प्रवर्तकाला खरेदीदारास व्याज द्यावे लागते. उत्तरदायित्व प्रवर्तकाचे असले तरी दबाव खाली साइटपर्यंत झिरपतो. महारेराने मे २०२० मध्ये महामारीमुळे नोंदणीकृत प्रकल्पांना सहा महिन्यांची मुदतवाढ दिली. मुदत ही बाह्य परिस्थितीनुसार बदलू शकते, हे त्यातून अधिकृतपणे मान्य झाले. दुसरीकडे, इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ ने मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणाऱ्यांना ‘कामगार’ या व्याख्येतून वगळले. त्यामुळे त्यातील कल्याणकारी तरतुदी त्यांच्यापर्यंत पोहोचल्या नाहीत.

साहाय्य

जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ हा आजार न मानता कामाशी निगडित अवस्था मानली आहे. भारतात ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध असून ती मराठीतही समुपदेशन देते. तालुक्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ सहज मिळत नाहीत आणि लहान गावात अशा डॉक्टरांकडे जाणे लपत नाही. त्यामुळे घरबसल्या मिळणारी ही सेवा तेथे अधिक उपयोगी पडू शकते.