हळदीचे पाकीट आणि मोबाइलचा पडदा : उत्पादक कंपनीचे संकेतस्थळ कसे असावे?

हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून बाजार समितीत नेली की तिचा भाव सौद्यात ठरतो. तीच हळद दळून, पाकिटात भरून थेट ग्राहकाला विकली, तर किंमत ठरविण्याचा अधिकार काही अंशी उत्पादकाकडे येतो. हा अधिकार मिळविण्यासाठी अनेक शेतकरी उत्पादक कंपन्या स्वतःचे संकेतस्थळ उभारतात. सांगली, वर्ध्यातील वायगाव, ओडिशातील कंधमाल, तामिळनाडूतील इरोड आणि मेघालयातील लाकाडोंग या सर्व हळदींना भौगोलिक मानांकन आहे. दूरच्या शहरातील ग्राहकाला मात्र त्यांतील फरक केवळ पडद्यावरून समजून घ्यावा लागतो. दुकानात तो हळद चिमटीत घेऊन पाहतो, वास घेतो. संकेतस्थळावर ही सोय नाही. म्हणूनच रचनेतील प्रत्येक निर्णय घेताना, अनोळखी ग्राहकाचा विश्वास यामुळे वाढेल का, हा प्रश्न आधी विचारावा.

पहिल्या पडद्यावर काय असावे?

पुष्कळ संकेतस्थळांच्या आरंभी संचालक मंडळाची छायाचित्रे आणि उद्घाटनाचा वृत्तान्त असतो. ग्राहक मात्र वस्तू, वजन, किंमत आणि ती आपल्या गावी पोहोचेल का, एवढेच शोधत असतो. या चार गोष्टी मोबाइलच्या पहिल्या पडद्यावरच दिसाव्यात. मागणी नोंदविण्याचे बटण ठळक आणि अंगठ्याने सहज दाबता येईल एवढे मोठे असावे. पिवळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे हळदीला शोभून दिसली, तरी ती वाचता येत नाहीत. गडद अक्षरे व फिकट पार्श्वभूमी हीच जोडी सुरक्षित ठरते.

छायाचित्रे व वेग

मोबाइलने काढलेले छायाचित्र अनेकदा चार-पाच मेगाबाइटचे असते. अशी दहा छायाचित्रे जशीच्या तशी चढविल्यास कमकुवत नेटवर्कवर पान उघडतच नाही. छायाचित्राची रुंदी कमी करून ते वेबपी स्वरूपात साठविल्यास आकार मोठ्या प्रमाणात घटतो. पाकिटाच्या दोन्ही बाजू, हळकुंड, पूड आणि वाळवणीचे खळे अशी मोजकी, नैसर्गिक प्रकाशातील छायाचित्रे पुरेशी होतात.

लिपीची चूक

मराठी मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला असेल, तर ग्राहकाच्या मोबाइलवर निरर्थक चिन्हे दिसतात आणि शोधयंत्रालाही तो मजकूर सापडत नाही. मजकूर छायाचित्राच्या रूपात लावल्यास तोच तोटा होतो. सर्व मजकूर युनिकोडमध्येच असावा. राज्याबाहेर विक्री करायची असल्यास हिंदी व इंग्रजी पाने जोडावीत. मात्र किंमत व अटी सर्व भाषांत एकसारख्या ठेवाव्यात.

कायद्याची अपेक्षा

वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार, उत्पादनाचा किंवा आवेष्टनाचा महिना व वर्ष वगळता, पाकिटावरील अनिवार्य माहिती ऑनलाइन विक्रीच्या पानावरही द्यावी लागते. त्यात उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक सेवेचा संपर्क यांचा समावेश होतो. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव, पद व संपर्क जाहीर करणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात निवारण करणे अपेक्षित आहे. एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांकही स्पष्ट दिसावा.

दावा तेथे पुरावा

‘कर्क्युमिन भरपूर’ या शब्दांपेक्षा त्या खेपेचा प्रयोगशाळा अहवाल अधिक बोलका असतो. तो खेप क्रमांकासह पानावर द्यावा. हळदीने अमुक रोग बरा होतो, असे दावे करू नयेत. अन्नपदार्थाबाबत रोगनिवारणाचा दावा नियमांना धरून नाही. प्रमाणपत्राशिवाय सेंद्रिय चिन्ह वापरू नये आणि भौगोलिक मानांकनाचा उल्लेख करण्यापूर्वी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी.

किल्ली कोणाकडे?

सर्वांत महाग पडणारी चूक पडद्यावर दिसतच नाही. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, ते बनवून देणाऱ्याच्या खात्यावर नोंदविले जाते. पुढे संबंध बिघडले किंवा मुदत संपली की पाकिटांवर छापलेला पत्ता निरुपयोगी होतो आणि वर्षानुवर्षे जोडलेला ग्राहक तुटतो. डोमेन कंपनीच्या नावावर व कंपनीच्या ई-मेलवर नोंदवावे, संकेतशब्द किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावेत आणि नूतनीकरणाची तारीख सभेच्या इतिवृत्तात नोंदवावी. मजकुराची प्रत दर महिन्याला वेगळी साठवावी.

साठा आणि पान यांचा मेळ

माल संपला असेल तर तसे त्याच दिवशी लिहावे आणि पुढील खेप कधी येईल हे सांगावे. पैसे घेऊन माल न पाठविणाऱ्या विक्रेत्याकडे ग्राहक पुन्हा वळत नाही. संकेतस्थळ रोज सांभाळणारी व्यक्ती उपलब्ध नसेल, तर केवळ वस्तूंची माहिती, दरपत्रक व दूरध्वनी क्रमांक देणारे साधे पान अधिक प्रामाणिक ठरते.

विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या क्षेत्रातील कंपन्यांच्या बैठकीत एक सोपी चाचणी घ्यावी. कंपनीशी संबंध नसलेल्या व्यक्तीच्या हाती साधा मोबाइल द्यावा आणि अर्धा किलो हळद मागविण्यास सांगावे. ती व्यक्ती जेथे अडखळते, तेथून सुधारणेला आरंभ करावा.