उत्तर मुकुटातला न उजळलेला तारा

गेल्या दोन वर्षांत आकाश पाहणाऱ्यांची चंगळ झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला साध्या डोळ्यांनी दिसला. २३ मार्च २०२५ रोजी पृथ्वी शनीच्या कड्यांच्या प्रतलातून गेली. जूनमध्ये वृक आणि व्हेला या दक्षिणेकडच्या तारकासमूहांत दोन नवतारे पाठोपाठ उजळले, तेही काळोख्या जागेवरून नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतके. १ जुलैला चिलीतल्या दुर्बिणीने ३आय/ॲटलास हा सूर्यमालेबाहेरून आलेला आजवरचा तिसरा पाहुणा टिपला. लेमन धूमकेतू तर पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला तो २१ ऑक्टोबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी.

मला मात्र या काळातला सर्वांत मोलाचा तारा वाटतो तो काहीच न केलेला. लेमन भूतप तारकासमूहातून सरकत होता, त्याच्या शेजारच्याच उत्तर मुकुटात 'टी कोरोने बोरियालिस' आहे. अंतर सुमारे ३००० प्रकाशवर्षे. तिथे एक श्वेत बटू आणि एक तांबडा राक्षसी तारा २२७ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात. राक्षसी ताऱ्याचा हायड्रोजन श्वेत बटूवर साचत जातो, तळाशी दाब आणि तापमान वाढते आणि एके दिवशी त्या थरात अणुसंमीलनाचा भडका उडतो. एरवी दहाव्या प्रतीचा हा तारा मग दुसऱ्या प्रतीपर्यंत, म्हणजे दीड हजार पटींहून अधिक तेजस्वी होतो. आठवड्याभरात तो पुन्हा साध्या डोळ्यांआड जातो.

१२ मे १८६६ रोजी आयर्लंडमधल्या ट्यूम गावाहून जॉन बर्मिंगहॅम यांनी तो पाहिला. चारच दिवसांनी विल्यम हगिन्स यांनी त्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. नवताऱ्याचा वर्णपट पाहण्याची ती पहिलीच वेळ. दुसरा भडका फेब्रुवारी १९४६ मधला. ओहायोचे लेस्ली पेल्टियर पंचवीस वर्षे या ताऱ्यावर नजर ठेवून होते. त्या पहाटे गजर झाला, पण बरे वाटत नव्हते म्हणून ते पुन्हा झोपले, आणि तारा नेमका तेव्हाच उजळला.

१९४६ च्या आधी तो थोडा मंदावला होता, हे आपल्याला कळते ते अशाच हौशी निरीक्षकांच्या नोंदींमुळे. मार्च २०२३ पासून तो तसाच मंदावला, तेव्हा खगोलशास्त्रज्ञ ब्रॅडली शेफर यांनी २०२४ मधल्या भडक्याचे भाकीत केले. कोणी कक्षेच्या गणितावरून २७ मार्च २०२५ ही तारीख सुचवली. दोन्ही मुदती टळल्या. १२१७ आणि १७८७ मधल्या जुन्या उल्लेखांवर शेफर यांचा विश्वास आहे. ते धरले तरी, नीट मोजलेल्या एकाच ऐंशी वर्षांच्या अंतरावरून वेळापत्रक बांधणे धाडसाचेच आहे. भाकीत चुकले म्हणून नोंदी वाया जात नाहीत. भडक्यापूर्वीचा काळ इतक्या बारकाईने यापूर्वी कधीच पाहिला गेला नव्हता.

काक्षीचेही तेच. २०१९-२० मध्ये हा तारा अचानक फिका पडला, तेव्हा स्फोटाची चर्चा जगभर झाली. कारण निघाले त्यानेच बाहेर टाकलेल्या धुळीचे. त्याच्या सुमारे सहा वर्षांच्या चढउतारामागे एखादा सोबती असावा, ही शंका मात्र तेजाच्या दीर्घ नोंदींतूनच आली. २०२५ मध्ये हवाईतल्या जेमिनी दुर्बिणीला तिथे सोबत्याची चाहूल लागली.

अशा नोंदी ठेवण्याच्या कामात आपल्याकडचे थोर नाव यशोहरच्या राधागोविंद चंद्रांचे. सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या या माणसाने १९१८ मध्ये गरुडातला नवतारा स्वतःच्या नजरेने हेरला आणि पुढे रूपविकारी ताऱ्यांच्या ३७ हजारांहून अधिक नोंदी अमेरिकेतल्या निरीक्षक संघटनेला पाठवल्या. संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला दिली.

दिवाळीत उत्तर मुकुट संध्याकाळी पश्चिमेला मावळतीकडे झुकलेला असतो आणि नोव्हेंबर सरताना पहाटे पूर्वेला दिसू लागतो. त्यातला सर्वांत ठळक तारा सव्वादोन प्रतीचा आहे. टी उजळला तर जवळपास त्याच्या बरोबरीचा होईल. दिसला नाही, तर तारीख, वेळ आणि शेजारचा दिसलेला सर्वांत मंद तारा लिहून ठेवावा. 'याहून मंद' अशी नोंदही ती अमेरिकी संघटना स्वीकारते.