रुळावरचा कीमॅन

सकाळी ६. इटियाडोह धरणाला रेल्वेने जायचं तर अर्जुनीला उतरायचं. गोंदिया–बल्लारशाह मार्गावरचं हे स्टेशन. जानेवारीचं धुकं अजून बांध्यांवर आहे, पण रूळ तपासणारे कीमॅनभाऊ निघालेसुद्धा, सोबत मी. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल-हिरव्या झेंड्या आणि धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके.

७. थंडीत रूळ आखडतो, जोडावर ताण येतो, कधी तडाही जातो. त्यामुळे हिवाळ्यात भाऊंची नजर प्रत्येक वेल्डिंगवर. क्लिप सैल दिसली की हातोड्याचा ठोका, मग पुढची. चालायचं खडीवरून, एकट्याने, कान मागे ठेवून. "पायाले सवय होते भाऊ, कानाले होऊ द्याची नाही," ते म्हणाले.

८.३०. पॅसेंजर आली, आम्ही धुऱ्यावर उतरलो. खिडक्यांत चेहरे. त्यांना दिसतात ते मळणीला थांबलेले धानाचे पुंजने, बांधीतली लाखोळी, तळ्याकाठचे बगळे. गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाचं पाणी कालव्याने जिथे पोचतं, तिथे उन्हाळी धानाचे हिरवे पऱ्हे. इतकी देखणी रेल्वेवाट विदर्भात मला तरी दुसरी माहीत नाही. रूळ तपासणारा माणूस मात्र त्या देखाव्यात कुणाच्या नजरेत येत नाही.

११. झाडी दाट होते. भाऊ मोठ्याने खाकरतात, हातोडा रुळावर वाजवतात. जनावराला माणसाची चाहूल लागावी म्हणून. भीती दोन्हीकडे आहे. याच मार्गावर चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात नोव्हेंबर २०१८ मध्ये वाघाचे तीन बछडे गाडीखाली गेले.

१. मोहाखाली डबा. भात, लाखोळीची डाळ, मिरची.

२. परतीची चाल. शंभर वर्षांपूर्वी इथे नॅरोगेज होती. नव्वदच्या दशकात रूळ रुंद झाले. २०२५ मध्ये केंद्र सरकारने या २४० किलोमीटर मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. दुसरा रूळ हवाच. त्यासोबत जनावरांसाठी भुयारी वाटा आणि या माणसांच्या जोडीला आणखी माणसंही हवीत.

४. हत्यारं जमा झाली. भाऊंच्या दंडावर जुना वण आहे, धावत्या गाडीतून आलेल्या बाटलीचा. या वाटेने याल तेव्हा खिडकीतून डोळे भरून पाहा, पण बाटली किंवा खर्ऱ्याची पन्नी बाहेर टाकू नका. खाली माणूस उभा असतो.