शाळेने केसांवर बोट ठेवलं, तर काय करावं?

एप्रिल-मे म्हणजे रायगडच्या किनाऱ्यावर लग्नांचा आणि हळदींचा हंगाम. हळदीच्या रात्री नाचायचं म्हणून आठवी-नववीची मुलं हौसेने केसांत लाल-सोनेरी बटा रंगवून घेतात. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे मेमध्ये लावलेला पक्का रंग जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हाही डोक्यावर असतोच. मग अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन किंवा उरणच्या घरात डायरीत शेरा येतो : 'केस रंगवलेले आहेत. पालकांनी भेटावे.'

असा शेरा आला की काही पालक मुलावर चिडतात, काही शाळेवर. दोन्ही करण्याआधी एक गोष्ट मनात वेगळी करून ठेवा. शाळेचा नियम एक आणि तो मोडल्यावर मिळणारी शिक्षा दुसरी. केस कसे असावेत हे ठरवायला शाळेला बरीच मोकळीक आहे. नियम मोडणाऱ्या मुलाशी कसं वागावं, यात मात्र ती मोकळीक फार कमी आहे. हा फरक धरून एकेक पायरी पाहू.

पहिली पायरी : नियम लेखी पाहा

डायरीची पहिली-शेवटची पानं आणि प्रवेशाच्या वेळी आपण सही केलेलं हमीपत्र काढा. मुलग्यांचे केस बारीक, मुलींच्या दोन वेण्या व रिबिनी, नखं कापलेली, मेंदी-टिकली-बांगड्या नकोत, अशी यादी बहुतेक शाळांत असते. आपल्या मुलाने यातलं नेमकं काय मोडलं ते शोधा.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे तोंडी नियमावर तोंडी भांडण. 'केस नीटनेटके असावेत' एवढंच लिहिलेलं असेल, तर बाजूने बारीक केलेला कट त्यात बसतो की नाही हे शिक्षकागणिक बदलतं. लेखी नियम सापडला नाही, तर मुख्याध्यापकांकडे साध्या अर्जाने प्रत मागा. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल, तर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो आणि उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं.

दुसरी पायरी : नियम कोणी केला ते विचारा

शिक्षण हक्क कायद्यात केसांच्या लांबीबद्दल किंवा रंगाबद्दल एकही कलम नाही. हे नियम शाळेच्या पातळीवर ठरतात. जिल्हा परिषद व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. विनाअनुदानित खासगी शाळेत निर्णय संस्था घेते, पण पालक-शिक्षक संघ तिथेही असतो.

'वरून आदेश आहे' असं उत्तर मिळालं, तर आदेशाची तारीख नम्रपणे विचारा. वरून येणारे आदेशही बदलतात, हे गणवेशात दिसलं. २०२४-२५ या वर्षी राज्याने 'एक राज्य, एक गणवेश' योजना आणली आणि डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. म्हणजे मुलांच्या दिसण्याबद्दल बोलायची पहिली जागा गावातच आहे.

तिसरी पायरी : केस खरंच रंगवलेले आहेत का?

आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न फार महत्त्वाचा. केसांना रंग देणाऱ्या द्रव्याला मेलॅनिन म्हणतात. कडक उन्हाने ते हळूहळू विरतं. खारं पाणी केस कोरडे आणि खरबरीत करतं, मग उन्हाचा परिणाम लवकर दिसतो. सुट्टीभर समुद्रात डुंबलेल्या, बंदरावर उन्हात हिंडलेल्या मुलाचे केस टोकाकडे तांबूस होतात, ते असे.

ओळखायचं कसं? उन्हाने उतरलेला रंग टोकाकडे फिका आणि मुळाकडे गडद असतो, पण मध्ये रेघ नसते. रंगवलेले केस वाढले की मुळाशी काळा पट्टा आणि पुढे वेगळा रंग अशी सीमा स्पष्ट दिसते. जन्मतः पिंगट केस मुळापासून टोकापर्यंत बहुधा सारखे असतात आणि भुवयाही बऱ्याचदा तशाच असतात. असं असेल, तर बालपणीचा एखादा फोटो आणि दोन ओळींचं पत्र वर्षाच्या सुरुवातीलाच वर्गशिक्षकांना द्या.

तिसरं कारण आरोग्याचं. आहारात प्रथिनांची मोठी कमतरता असेल, तर केस विरळ, निस्तेज आणि तांबूस होऊ शकतात. वाडी-पाड्यावरच्या मुलाचे केस असे दिसले, तर शिक्षकांनी शेरा लिहिण्याआधी त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायला सांगावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यांनाही दाखवता येईल.

नैसर्गिक रंगावरून वाद किती ताणू शकतो, याचं उदाहरण जपानमध्ये आहे. ओसाका प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलने केस काळे करण्याचा तगादा लावला. आपले केस मुळातच तपकिरी आहेत, असं विद्यार्थिनीचं म्हणणं होतं. २०१७ मध्ये ती न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने नियम अवैध ठरवला नाही. पण तिचं नाव वर्गाच्या यादीतून काढणं आणि तिचं बाक हटवणं चुकीचं ठरवून ३ लाख ३० हजार येन भरपाई द्यायला लावली. नियम टिकला, वागणूक टिकली नाही. पुढे एप्रिल २०२२ पासून टोकियो महानगराच्या सरकारी हायस्कूलांनी काळ्या केसांची सक्तीच काढून टाकली.

चौथी पायरी : घाईने काळा रंग लावू नका

'उद्या केस काळे करून ये' असं ऐकल्यावर बरेच पालक दुकानातून काळ्या मेंदीचं पाकीट आणतात. इथे फसगत होते. साधी मेंदी केसांना तांबूस-नारिंगी छटा देते. झटपट काळ्या होणाऱ्या मेंदीत बहुधा पीपीडी हे रसायन असतं. त्याने काहींना खाज, पुरळ, चेहऱ्याला सूज येते आणि एकदा ही अॅलर्जी झाली की जन्मभर राहू शकते. युरोपात पक्क्या रंगांच्या पाकिटांवर १६ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, असा इशारा छापावा लागतो.

त्यापेक्षा रंगवलेला भाग कापणं सुरक्षित. मुलीचे केस लांब असतील, तर वेणी घालून रंग वाढून जाईपर्यंत मुदत मागा. तारीख शाळेला लेखी कळवा. बहुतेक मुख्याध्यापक मुदत नाकारत नाहीत. अडचण येते ती आपण काहीच न कळवल्यामुळे.

मुदतीचं गणित शाळेनेही समजून घ्यावं. अनेक गावांत सोमवारी सलून बंद असतं, तेव्हा सोमवारी सांगून मंगळवारी सकाळी केस कापून येणं जमत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीत कोळीवाड्यातला बाप घरी असतो. नारळी पौर्णिमेनंतर तो होडीवर गेला की मुलाला सलूनमध्ये न्यायला कोण, हाही प्रश्न असतो. आठवडाभराची मुदत सगळ्यांच्या सोयीची.

पाचवी पायरी : सवलत हवी असेल, तर आधी सांगा

घरात मयत झाल्यावर दहाव्याला मुंडण झालेलं मूल टोपी घालून शाळेत येतं आणि वर्गात त्याला टोपी काढायला लावतात. कुणाचे केस एकवीरा आईच्या नवसासाठी राखलेले असतात. कुणाला चाई पडलेली असते, कुणाच्या हातावर सणाची किंवा हळदीची मेंदी असते आणि ती दहा-बारा दिवस जात नाही. अशा वेळी कारण, सवलत काय हवी आणि किती दिवस, या तीन गोष्टी लिहून आधीच द्या. आजार असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडा.

धर्माशी जोडलेल्या पेहरावाबाबत किंवा वागण्याबाबत न्यायालयांचं उत्तर अजून एकसारखं नाही. राष्ट्रगीताच्या वेळी उभी राहणारी, पण श्रद्धेमुळे ते न गाणारी केरळमधली तीन मुलं शाळेने काढली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. कर्नाटकातल्या हिजाबच्या खटल्यात मात्र ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन न्यायमूर्तींचे निकाल परस्परविरोधी आले. चेंबूरच्या एका महाविद्यालयाचा पेहरावाचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये कायम ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये हिजाब, टोपीसारख्या बंदीपुरती त्याला अंशतः स्थगिती दिली. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने २००७ मध्ये डर्बनच्या एका विद्यार्थिनीला चमकी घालू द्यायला हवी होती, असं ठरवलं.

यातून आपल्यापुरता बोध एवढाच, की सवलत हमखास मिळेल असं धरून चालू नका, पण मागायला कचरूही नका.

सहावी पायरी : शाळेने काय करू नये

शाळा डायरीत शेरा लिहू शकते, पालकांना बोलावू शकते, मुलाला समजावू शकते. मुलाला मारणं किंवा सगळ्यांसमोर त्याची शोभा करणं तिच्या अधिकारात नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी आहे. टोमणे, नावं ठेवणं, सर्वांसमोर लाजवणं हेही राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत छळातच धरलं आहे. कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही.

सगळ्यात जास्त बिघडतं ते शिक्षकांनीच कात्री हातात घेतली की. २०१७ मध्ये विक्रोळीतल्या एका शाळेत सुमारे २५ विद्यार्थ्यांचे केस कापल्याच्या आरोपावरून संचालकांसह तिघांना अटक झाली होती. कात्रीने कान किंवा मान कापली जाऊ शकते. इजा झाली नाही तरी मूल वर्गासमोर खजील होतंच.

दोन बारकावे लक्षात ठेवा. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा त्यातून वगळल्या आहेत. म्हणून नववी-दहावीच्या किंवा अशा शाळेतल्या मुलांचे पालक गप्प बसतात. पण बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७५ अठरा वर्षांखालच्या सगळ्या मुलांसाठी आहे. ताब्यातल्या मुलाला मारहाण करणं किंवा विनाकारण शारीरिक-मानसिक त्रास होईल असं वागवणं हा त्यात गुन्हा आहे.

सातवी पायरी : तक्रार क्रमाने करा

त्याच दिवशी मुलाला शांतपणे विचारा आणि तारीख, वेळ, कोण हजर होतं हे त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. कापलेल्या केसांचे, जखमेचे फोटो काढा. ते व्हॉट्सॲप गटावर मात्र टाकू नका. मुलाचा चेहरा आणि नाव गावभर फिरलं की त्रास त्यालाच होतो आणि पीडित मुलाची ओळख उघड करायला कायद्याचीही बंदी आहे.

आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक. तक्रार लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्या. पोच नसलेला अर्ज पुढे कुठेच उपयोगी पडत नाही आणि नेमकी हीच चूक सर्वाधिक होते. आठवड्यात उत्तर आलं नाही, तर शाळा व्यवस्थापन समिती किंवा पालक-शिक्षक संघाकडे जा. त्यानंतर पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी आणि अलिबागला जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी. प्राथमिक आणि माध्यमिक असे दोन वेगळे असतात, अर्ज योग्य टेबलावर द्या.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो मान्य नसेल, तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते. मुलाला इजा झाली असेल, तर हा क्रम बाजूला ठेवून थेट दवाखाना आणि पोलीस ठाणं गाठा. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांकही आहे.

आठवी पायरी : नियमच बदलायचा असेल, तर

भांडण मिटल्यावर नियम तसाच राहिला, तर पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या घरी तोच शेरा जाईल. समितीच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यायला लावा. मसुदा आपणच न्या. 'शोभेल असे केस' याऐवजी 'डोळ्यांवर येणार नाहीत असे केस' लिहिलं की शिक्षकांनाही तपासणं सोपं जातं. नैसर्गिक रंगाला नियम लागू नाही, मुदत एक आठवडा, सवलतीचा अर्ज कोणाकडे द्यायचा आणि केस कापण्याचा अधिकार शाळेतल्या कुणालाच नाही, ही चार वाक्यं त्यात असू द्या. मुलींना दोन वेण्यांची सक्ती असेल, तर ती कशासाठी हेही विचारा. उवांसाठी असेल, तर केस बांधलेले असणं पुरे.

वरच्या वर्गांतली दोन मुलंही बैठकीला बोलवा. स्वतः ठरवलेला नियम मुलं सहसा पाळतात. आणि शेवटी ठराव इतिवृत्तात त्याच शब्दांत उतरला आहे, हे वाचून पाहूनच खाली सही करा.